हाडाचं औषध आणि जाडं मीठ

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या शनिवारच्या एसटीत मी जेवढी झोपले आहे तेवढी माझ्या पलंगावर झोपले नसेन. मूर्तिजापूरला डोकं खिडकीवर आपटून जाग यायची, बडनेऱ्याला बाटलीतलं उरलेलं कोमट पाणी प्यायचं, आणि अमरावतीच्या स्टँडवर उतरेपर्यंत उजवा पाय बधिर झालेला असायचा. लोक म्हणायचे, आईसाठी किती करते बिचारी. मी काही करत नव्हते, बसमध्ये बसत होते. नुसतं बसूनही माणूस इतकं थकतं हे मला बावन्नाव्या वर्षी समजलं.

मी अकोल्याला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात. आम्ही ती वाळवतो, चाळतो, तिच्यात काय कमी आहे ते कागदावर लिहून देतो. बहुतेक कागदांवर मी एकच लिहीत आले आहे: सेंद्रिय कर्ब कमी, शेणखत घाला. ते घालत नाहीत आणि मी लिहायचं सोडत नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नोकरीसाठी नाशिकला असते. भावंडं मला नाहीत. आई अमरावतीला आमच्या दोन खोल्यांच्या घरात अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही एकटी राहायची. तिची कीव केली की तिला राग यायचा. एकटं राहता येणं ही तिच्या लेखी बढती होती. आयुष्यभर दहा माणसांत राबल्यावर मिळालेली.

माझे वडील पॉटचं आइस्क्रीम करायचे. लग्नाच्या हंगामात लाकडी बादल्या टेम्पोत घालून नांदगाव खंडेश्वरपासून चांदूर बाजारपर्यंत जायचे. मधल्या डब्यात आटवलेलं दूध, डब्याभोवती बर्फाचा चुरा, बर्फावर जाडं मीठ, आणि वर फिरवायचा दांडा. दांडा बहुतेक वेळा आईच्या हातात असायचा. वडील वऱ्हाडी मंडळींशी गप्पा मारायचे, आई फिरवायची, आणि वाहवा वडिलांची व्हायची. खाऱ्या पाण्यानं तिच्या तळहाताच्या रेघा पांढऱ्या पडायच्या, त्यांवर ती रात्री खोबरेल लावायची. वडील गेल्यावर तिनं एकटीनं सात-आठ हंगाम काढले. मग मशीनचं आइस्क्रीम आलं आणि धंदा बसला, पण खांद्यातलं बळ राहिलं. निदान तिला तसं वाटत होतं. म्हणूनच त्या फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी, शेजारणीची वाट न बघता तिनं कूलर एकटीनंच उचलून स्टँडवर चढवला.

पाठीत काहीतरी झालं एवढंच तिला कळलं. तिनं ते लचकेत काढलं. आठ दिवस गरम विटेचा शेक घेतला आणि फोनवर मला सांगितलं की सगळं बेस आहे. शनिवारी मी गेले तर ती भिंतीला धरून चालत होती.

"काय झालं?"

"काई नाई. भिंतीले टेका देऊन राहिली मी," ती म्हणाली. आमच्या आईचं हे असं आहे. घर जळत असलं तरी ती म्हणेल, जरा उजेड जास्ती झाला.

हाडाचे डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे असतील. त्यांनी फोटो काढला, हाडांची घनता मोजली आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मणक्यांच्या रांगेतला एक मणका पुढच्या बाजूनं चेपला होता. हाडं आतून पोकळ झाली आहेत, म्हणाले. मी प्रयोगशाळेत काम करते असं कळल्यावर त्यांना हुरूप आला. बाकीची औषधं हाडाची झीज थांबवतात, पण हे एक इंजेक्शन असं आहे की ते नवं हाड बांधायला लावतं. टेरिपॅराटाइड. रोज एक, फार तर दोन वर्षं. हे पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. आपल्या गळ्यातल्या एका ग्रंथीतून जो स्राव निघतो, त्याचाच हा एक भाग. गंमत अशी, ते म्हणाले, की हाच स्राव अंगात सतत जास्त राहिला तर हाड झिजवतो, आणि दिवसातून एकदाच चिमूटभर दिला तर हाड बांधतो.

मी हे आईला सोपं करून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"मंग तुयासारखंच आहे ते," ती म्हणाली. "आठवड्यातून एकडाव आली त बरी. रोज असली का हाडं मोडते."

डॉक्टर हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. आठवड्यातून एकदा येणारीच्या पायाचं काय होतं ते तिला दिसत नव्हतं.

मग आईनं तिचा खरा प्रश्न विचारला. "डाक्तरसाहेब, मले एकटीनं राहता येइन ना?"

"हाड भरलं तर राहाल, आजी. दुसरा एखादा मणका गेला तर मात्र एकटं राहायचं नाही. मग मी तुमचं ऐकणार नाही."

आईनं मान हलवली. त्या दिवसापासून ते इंजेक्शन तिच्यासाठी पाठीचं औषध नव्हतंच. ते तिच्या घराचं औषध होतं. चूल तिची, ओटा तिचा, संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून सगळ्या गल्लीच्या सुनांवर मत देण्याचा हक्क तिचा. ते सगळं त्या पेनातल्या थेंबाथेंबावर लटकलं होतं. हो, पेनच. ते औषध पेनासारख्या नळीत भरून येतं. खालच्या टोकाला रोज नवी सुई लावायची, पोटाची चिमटी धरायची आणि टोचायचं. एका पेनात महिनाभराचं. मला वाटलं, रोज टोचायला कुणी बाई शोधावी लागेल. आईनं दोन दिवसांत स्वतः शिकून घेतलं.

"शाळेत कोनी पेन धरू देल्ला नाई," ती शेजारणीला म्हणाली, "आता म्हंते रोज धर."

पहिलं पेन अमरावतीतच मिळालं. डॉक्टरांनी बजावलं, थंड ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा. आईनं फ्रिजचा मधला कप्पा धुतला, पुसला, वांगी खाली ढकलली आणि पेनाची पेटी तिथं एकटीच ठेवली. पेटीवर बारीक अक्षरात आणखीही काही लिहिलं होतं. ते मी वाचलं नसेन असं नाही. डोळ्यांखालून गेलं असेल. पण वऱ्हाडात मार्च लागला की माणसाला एकच शत्रू दिसतो, ऊन. थंड म्हटलं की आम्हाला सगळं समजल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या महिन्यात अमरावतीच्या दुकानात ते संपलं होतं. मी अकोल्याला माझ्या ऑफिसजवळच्या दुकानदाराला सांगितलं. त्यानं मागवून दिलं, पुढंही दर महिन्याला मागवतो म्हणाला, आणि थर्माकोलच्या डब्यात जेलच्या दोन गार पिशव्या घालून माझ्या हातात ठेवलं. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. बोरगाव मंजूच्या पुढं बस बंद पडली. दुसरी बस येईपर्यंत आम्ही दीड-दोन तास कडुलिंबाखाली उभे होतो. कडुलिंब एक आणि माणसं पन्नास. आईकडे पोचून डबा उघडला तर जेलच्या पिशव्या चहासारख्या झाल्या होत्या. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, थोडा वेळ बाहेर राहिलं तर चालतं मॅडम, फार काळजी करू नका. पण आईच्या मनातून ते जाईना. महिनाभर ती ते औषध घेताना तोंड वाकडं करायची.

मेच्या खेपेआधी तिचा फोन आला.

"ते जेलबिल काई कामाचं नाई. कॅम्पर घे एक लहानसा. बर्फ फोड, त्याच्यात जाडं मीठ टाक, मंधात डब्यात दवा ठेव. तुया बापाचं आइस्क्रीम भर उन्हाचं चांदूर बाजारले जाये, थेंब पाघळे नाई."

मी म्हटलं, बरं.

मला हे कबूल करायला आजही जड जातं की त्या वेळी मी नुसतं बरं म्हटलं नाही, मला आनंद झाला. किती तरी दिवसांनी आम्ही दोघी एका कामाला लागलो होतो. मी पाच लिटरचा पाण्याचा कॅम्पर घेतला. शनिवारी सकाळी रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि खलबत्त्याच्या दांड्यानं फोडला. हाताला सगळं आठवत होतं. बर्फाचा एक थर, मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मधोमध स्टीलचा उभा डबा, डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत पेन. झाकण लावलं तेव्हा स्वयंपाकघरात लग्नघरासारखा वास आला. मीठ आणि थंडीचा वास. तो बाकी कुणाला येतो की नाही मला माहीत नाही.

त्या खेपेला मला बसायला जागा मिळाली नाही. मूर्तिजापूरपर्यंत मी कॅम्पर दोन पायांच्या मधे धरून उभी होते. बाहेर ऊन नुसती आग ओकत होतं. आईकडे गेल्यावर डबा बाहेर काढला तर त्याच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं हिम साचलं होतं, पेनाच्या पेटीला बोटं चिकटत होती. आईनं पेटी गालाला लावून पाहिली.

"अस्सं," ती म्हणाली. "आता कशी माया पोटची शोभली."

मला पोटची म्हणून शाबासकी मिळाल्याचा तो प्रसंग बहुधा पहिलाच. पेन फ्रिजमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टोचून घेतलं तोवर आतलं औषध पुन्हा पाण्यासारखं झालेलं असणार. आम्हाला काहीच वेगळं दिसलं नाही.

मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. पाच पेनं मी अशी नेली. पावसाळ्यात एवढ्या गारव्याची गरज नव्हती, पण चाललेलं कशाला मोडा. ऑफिसमधल्या फ्रिजमध्ये आमच्या काही बाटल्या असतात, त्यांच्यावर चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या आहेत: थंड जागी ठेवावे, गोठवू नये. बर्फात मीठ पडलं की तो शून्याच्या किती तरी खाली जातो, म्हणूनच दुधाचं आइस्क्रीम होतं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुणी विचारलं नाही आणि मी स्वतःला विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घरात मी प्रयोगशाळेतली बाई नव्हतेच, पॉटवाल्याची पोर होते.

आणि आईला बरंही वाटत होतं. पाठीचं दुखणं दोन-अडीच महिन्यांत उतरलं. आता मला माहीत आहे की चेपलेल्या मणक्याचं दुखणं बहुतेकांचं तसंही काही आठवड्यांत उतरतं. तेव्हा आम्ही त्याचं सगळं श्रेय पेनाला देऊन मोकळ्या झालो. आई विहाराच्या पायरीपर्यंत एकटी जायला लागली. दर शनिवारी मी गेले की ती मला दारात उभी राहून दाखवायची, पाठ चौकटीला टेकवून, हनुवटी वर करून.

"झाली का नाई सरळ?"

"झाली," मी म्हणायचे आणि चपला न काढताच खाटेवर पडायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका मंगळवारी शेजारणीचा फोन आला. आई कपडे वाळत घालत होती. एक चिमटा खाली पडला म्हणून वाकली, आणि वाकली ती तशीच राहिली. उचललं काहीच नव्हतं, एक प्लास्टिकचा चिमटा.

दवाखान्यात आईचा फोटो काढून झाला होता, आत तिला पट्टा बांधत होते. मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर आधीचे कागद घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. दुसरा मणका, म्हणाले. औषध सुरू होऊन सात महिने होत आले, रक्ताच्या तपासणीत जो फरक दिसायला हवा तो कुठंच दिसत नाही. घेत होत्या ना रोज? म्हटलं, एक दिवस चुकला नाही. ठेवत कुठं होता? फ्रिजमध्ये. आणताना? मी सांगितलं. थोड्या अभिमानानंच सांगितलं. कॅम्पर, बर्फ, मीठ, मधला डबा.

त्यांनी कागद मांडीवर ठेवले. "पेटीवर हिम साचायचं?"

हो म्हणण्याच्या आधीच मला सगळं समजलं. तोंडात मीठ पडल्यासारखं झालं.

"गोठलेलं हे औषध वापरायचं नसतं, ताई. ते टाकून द्यायचं असतं. त्यात किती दम उरला असेल, काही सांगता येत नाही." ते चांगले होते, ओरडले नाहीत. "औषध धड असतं तरी मणका गेलाच नसता असंही मी म्हणणार नाही. काहींना होतं. आपण नव्यानं सुरू करू. नीट ठेवा म्हणजे झालं."

पाच महिने. रोज सकाळी त्या म्हातारीनं पोटाची चिमटी धरून स्वतःला पाणी टोचून घेतलं होतं.

रिक्षात बसल्यावर आईनं विचारलं, "काय म्हने डाक्तर?"

मी बाहेर बघत म्हटलं, "दवा लागू पडली नाई म्हंते. वय झालं म्हंते."

वयाचा शब्द डॉक्टरांनी उच्चारला नव्हता. तो माझा. तोंडातून तो इतका सहज निघाला की मलाच नवल वाटलं.

पंचवटी चौक गेल्यावर आई म्हणाली, "मंग आता?"

"आता चाल अकोल्याले."

मी भांडणाची तयारी करून बसले होते. अकोल्याला चल म्हटलं की गेली सहा वर्षं ती भांडतच आली होती. पण ती म्हणाली, "चाल." मला हायसं वाटलं. हे लिहिताना मी दुसरा शब्द शोधून पाहिला, पण तो शब्द हायसंच आहे. शनिवारची बस संपली, एवढंच त्या घटकेला माझ्या डोक्यात आलं.

दिवाळीच्या आधी ती माझ्याकडे आली. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिने उतरायला तिला मनाई, त्यामुळे दवाखाना सोडला तर ती खाली गेलीच नाही. गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी दिसते, तिथं कुणी नसतं. नवं पेन सुरू केलं. ते मी दुकानातून घरी पाच मिनिटांत आणायचे, साध्या पिशवीत, गार पिशवी आणि पेन यांच्या मधे घडी केलेला रुमाल ठेवून. आई घ्यायची, पण पहिल्यासारखी नाही. आधी ती टोचून झालं की पेन पुसून नमस्कार केल्यासारखी कप्प्यात ठेवायची. आता नुसती ठेवायची.

"कायले वाया घालवतं? मायी हाडं घेतच नाई त," ती म्हणायची.

"घे ना गुमान."

दुपारी मी ऑफिसात असले की ती काय करायची ते मला सुट्टीच्या दिवशी कळायचं. पलंगाच्या कडेला बसून गुडघे, मनगटं चोळत ती स्वतःच्या हाडांना बोलायची. हाडं नाई, फुटाणे आहेत. एवढ्या वर्साचं खाल्लं कुठं गेलं तुमचं. नालायक हो. पोरीच्या जिवावर बसवलं मले. सुरुवातीला मला वाटलं थट्टा आहे. मग एकदा स्वयंपाकघरातून मी तिचा आवाज ऐकला, तो थट्टेचा नव्हता. आयुष्यात तिनं कुणापुढं मान तुकवली नाही. नवऱ्यापुढं नाही, लग्नघरच्या शेठजींपुढं नाही. आणि आता ती मला दूध मागतानासुद्धा दोनदा विचार करायची. माझ्याकडून घेतलेलं सगळं तिच्या अंगात फुकट जातं अशी तिची समजूत झाली होती.

तिला खरं का सांगितलं नाही? मी स्वतःला एक कारण देऊन ठेवलं होतं, आणि ते दिसायला फार चांगलं होतं. मिठाचा सल्ला तिचा. खरं सांगितलं तर ती स्वतःला दोष देईल, वडिलांच्या धंद्याला दोष देईल, म्हातारपणी हे कशाला. असं म्हणून मी रोज ऑफिसला जायचे. चोराच्या मनात चांदणं असतंच, तिनं फ्रिजचं दार उघडलं की माझा हात थबकायचा. खरं कारण काय ते मला माहीत होतं. दोष तिच्या हाडांचा नाही असं तिला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती म्हणाली असती, मले घरी नेऊन दे. आणि मी थकले होते.

फेब्रुवारीत अमरावतीच्या घराला भाडेकरू मिळाला, एक शिक्षक आणि त्याची बायको. घर रिकामं करायचं म्हणून एका रविवारी मी आईला भाड्याच्या गाडीनं घेऊन गेले. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं होतं. पाठ शांत आहे, नवं काही मोडलेलं नाही, पुढं बघू, म्हणाले होते. कमरेला पट्टा बांधून आई खाटेवर बसली आणि मला सांगत राहिली. हे बांध, हे राहू दे, हे कोणाले तरी देऊन टाक. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. मी गोधड्यांचं गाठोडं बांधत होते.

शेजारीण चहा घेऊन आली. तीसेक वर्षांची ओळख. कप आईच्या हातात देऊन ती खाली बसली.

"आता कवा येसान वं, माय?"

"आता कायची येतो," आई म्हणाली. "हाडानं धोका देल्ला मले. या पोरीनं भर उन्हात उभ्यानं बसमधून दवा आनली, एक डाव नाई चुकली. अन् म्या वाया घालवली सारी. हिच्या तोंडाकडे पाह्याची लाज वाट्टे मले."

गाठ माझ्या हातात होती. ती आवळून मी म्हटलं, "तू नाई घालवली. म्या घालवली."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"मिठानं गोठत होती ते दवा. गोठली का कामाची राहत नाई. वर पेटीवर लिहेल होतं, म्या पाह्यलं नाई. मेपासून तू पानीच टोचून घेतलं."

शेजारणीला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. ती गेली. बशी तिथंच राहिली.

"किती खेपा?" आईनं विचारलं.

"पाचही."

"तुले कवा समजलं?"

"फोटो काढला त्या दिवशी."

"म्हंजे दिवाळीच्या आंधी."

"हो."

मी वाट बघत होते, ती आता म्हणेल की मीठ त म्याच सांगतलं होतं. त्याला द्यायचं उत्तर मी चार महिने घोळवून ठेवलं होतं: तू आइस्क्रीमचं सांगितलं, शिकलेली मी होते. ते उत्तर मला फार आवडायचं. पण ती मिठाकडे वळलीच नाही. तिनं चहा खाली ठेवला, पट्ट्याच्या वरून पाठीवर हात नेला आणि चाचपत राहिली.

"म्हंजे मायी हाडं खराब नाई."

"डॉक्टर म्हंते, तसं नक्की सांगता येत नाई..."

"डाक्तरचं नको सांगू मले. हाडाले दवा भेटलीच नाई. मंग हाडाचा काय दोष?"

ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"चार महिने म्या मायाच हाडायले शिव्या देल्या," ती म्हणाली. "तू आयकत होती."

"हो."

"आयकत होती तू."

मग तिनं चहा उचलला, निवलेला होता तरी सगळा पिऊन टाकला, कप बशीत उपडा घातला आणि म्हणाली, "त्या मास्तरले फोन कर. घर द्याचं नाई म्हना. अन् सोड ते गाठोडं."

मी गाठोड्याशी बसले. गाठ मीच जोर लावून मारली होती, ती सुटेना. दातांनी ओढून पाहिली. दुसरं गाठोडं होतं, तिसरं होतं, भांड्यांची पोती दाराशी लावून ठेवली होती. पुढचा शनिवार मला स्वच्छ दिसत होता, त्याच्या पुढचाही, मूर्तिजापूरला खिडकीवर आपटणारं डोकं आणि बधिर झालेला पाय. गाठीवर वाकलेली असतानाच मला रडू आलं, आणि आलं ते थांबेना. आई खाटेवरून हळूहळू उठली. माठातलं पाणी आणून तिनं माझ्यासमोर धरलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे आता," ती म्हणाली. "तुले पस्तावा झाला ना, पुरे."

मी पाणी प्यायले, आणि ते रडू पस्ताव्याचं नव्हतं हे तिला सांगितलं नाही.